स्फोटाची वाट

(नभोवाणीवरील भाषण)

माहीमच्या शीतलादेवीचें देऊळ आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. त्या देवीच्या नांवाचें एक स्थानक आतां जमिनीच्या पोटांत झालें असून मे २०२५ पासून तेथें भुयारी गाडी थांबते. परवां शेजारच्या एका वृद्ध बाईंना सोबत म्हणून मी खालीं फलाटावर उतरलों. गाडीला दोन मिनिटांचा अवकाश होता. कांचेच्या दारांपलीकडील काळोखाकडे बाई कांहीं वेळ पाहत राहिल्या आणि हलक्या आवाजांत म्हणाल्या, “भाऊ, त्या वर्षीं वर झालें, तसें इथें खालीं झालें तर हो?”

तें वर्ष कोणतें, हें माहीमच्या माणसाला विचारावें लागत नाहीं. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळीं पश्चिम रेल्वेच्या सात गाड्यांत अवघ्या अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. त्यांतील एक माहीम स्थानकांत झाला आणि एक माटुंगा व माहीम यांच्या दरम्यान. एकशें ऐंशींहून अधिक माणसें त्या संध्याकाळीं घरीं परतलीं नाहींत. तेव्हां बाईंच्या प्रश्नाला ‘असें कांहीं होत नसतें’ एवढें म्हणून मोकळें होणें मला प्रशस्त वाटलें नाहीं. धीर द्यावयाचा तर तो खऱ्या माहितीचा द्यावा. बोगद्याच्या आंत स्फोट झाला असतां कातळ काय करतो, कातळावर चढविलेलें अस्तर काय करतें आणि त्या दोहोंच्या मध्यें सांपडलेल्या माणसाचें काय होतें, हे तीन निरनिराळे प्रश्न आहेत. त्यांचीं उत्तरें शोधूं लागलें म्हणजे आपल्याच सह्याद्रींत तीनशें वर्षें मागें जावें लागतें.

मराठींत ‘सुरुंग’ हा शब्द मोठा मार्मिक आहे. संस्कृतांतील ‘सुरुंगा’ म्हणजे भुयार. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत तो त्याच अर्थानें येतो. मराठींत मात्र सुरुंग म्हणजे भुयारही आणि त्या भुयारांत ठासलेली दारूही. पोकळी आणि स्फोट ह्या दोन वस्तूंना आपल्या पूर्वजांनीं एकच नांव दिलें. तें कां दिलें, हें साताऱ्याच्या वेढ्याची हकीकत ऐकली म्हणजे उमगतें.

१६९९ च्या डिसेंबरांत औरंगजेब बादशहा अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशीं तळ देऊन बसला. किल्ल्यावर प्रयागजी प्रभु हे किल्लेदार होते. चार महिने झाले तरी किल्ला हातीं येईना, तेव्हां मोंगलांनीं मंगळाईच्या बुरुजाखालीं सुरुंग खणले आणि १३ एप्रिल १७०० रोजीं त्यांना बत्ती दिली. पहिल्या सुरुंगानें तट आंतल्या अंगास उडाला. गडावरचीं पुष्कळ माणसें दगडांखालीं सांपडलीं. खुद्द प्रयागजी गाडले गेले आणि मागाहून जिवंत बाहेर निघाले. खालीं उतारावर हल्ल्यासाठीं मोंगलांची फौज दाटीनें गोळा झालेली होती. इतक्यांत दुसरा सुरुंग उडाला; पण तो फुटला बाहेरच्या अंगास. तटाचे दगड त्या जमावावर कोसळले आणि सुमारें दोन हजार माणसें आपल्याच सुरुंगाखालीं चिरडलीं गेलीं, असें इतिहासकार लिहितात. आठवडाभरानें किल्ला बादशहाच्या हातीं आला खरा, पण तो वाटाघाटीनें आला.

डोंगर एकच, दारू एकच, खणणारे हातही तेच. तरी एक सुरुंग आंत गेला आणि दुसरा बाहेर. ह्यांत दैवाचा भाग नव्हता. स्फोट म्हणजे मूठभर पदार्थाचा निमिषांत झालेला प्रचंड, तप्त वायु. त्या वायूला जागा हवी असते. ती मिळविण्यासाठीं तो चहूंकडे सारखाच रेटतो. पण चहूंकडचा अडथळा सारखा नसतो. जिकडे अडथळा थोडा, तिकडे तो धांवतो. स्फोट वाट शोधतो. आजच्या सर्व हकीकतीचें सूत्र हेंच आहे, आणि बोगद्याचें शास्त्र म्हणजे बव्हंशीं ती वाट आधींच ओळखून ठेवण्याचें शास्त्र आहे.

हें शास्त्र युद्धांतून कामावर आलें, तें बोरघाटांत. १८५६ च्या आरंभीं खंडाळ्याच्या घाटांतून लोहमार्ग नेण्याचें काम सुरू झालें. जेम्स बर्कले हे मुख्य अभियंते होते. मूळच्या कंत्राटदारानें काम सोडल्यावर १८५९ मध्यें तें सॉलोमन ट्रेडवेल यांजकडे आलें. पण घाटांत पाऊल ठेवल्यानंतर थोड्याच दिवसांत ते आजारानें वारले आणि त्यांची पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल यांनीं तें काम पुढें चालविलें. २१ एप्रिल १८६३ रोजीं घाट वाहतुकीस खुला झाला. पावणेसोळा मैलांच्या चढणीवर पंचवीस बोगदे आणि १,८३१ फुटांची चढ, असा तो मार्ग होता. कामाच्या भरांत बेचाळीस हजार माणसें एका वेळीं घाटांत राबत होतीं. पटकीनें आणि अपघातांनीं त्यांतलीं हजारों दगावलीं. त्यांचीं नांवें कोणत्याही शिळेवर नाहींत.

ह्या लोकांच्या हातीं काय होतें? पहार, घण आणि साधी काळी दारू. नोबेलचा डायनामाइट निघाला तो १८६७ मध्यें, म्हणजे घाट पुरा झाल्यावर. एकानें पहार धरावी, दुसऱ्यानें घण घालावा, घाव बसला कीं पहार थोडी फिरवावी. अशा रीतीनें हात-दोन हात खोल भोंक पाडावयाचें, त्यांत दारू भरून वर माती ठासावयाची, वातीला बत्ती द्यावयाची आणि धूम पळावयाचें. माती नीट ठासली नाहीं, तर दारू आल्या वाटेनेंच भोंकाबाहेर निघून जाई आणि कातळ हंसत उभा राही. भोंक कड्याच्या उघड्या बाजूपासून फार दूर पाडलें, तरी तेंच होई. म्हणून अनुभवी सुरुंगवाला आधीं कातळाची मोकळी बाजू पाही आणि मगच भोंकाची जागा धरी. साताऱ्यास जें अपघातानें घडलें, तें घाटांत हिशोबानें होऊं लागलें.

ह्या कामांत त्यांना कातळाच्या स्वभावाचीही ओळख झाली. आपला सह्याद्रि म्हणजे सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वींच्या लाव्ह्याचे एकावर एक निजलेले थर. थराच्या मध्यभागींचा काळा कातळ घट्ट आणि एकजीव. पण दोन थरांच्या सांध्यावर कोठें कोठें तांबड्या मातीचा मऊ पट्टा असतो, तर कोठें पूर्वींच्या वायूच्या बुडबुड्यांनीं सच्छिद्र झालेला दगड असतो. सुरुंग उडाला, धूर निवाला, म्हणजे माणसें आंत शिरत, तीं प्रथम छतावर पहार आपटून पाहत. खणखणीत आवाज आला तर कातळ शाबूत. बद्द आवाज आला तर तो तुकडा सुटलेला. सुटलेला तुकडा ढोसून पाडावयाचा आणि मगच पुढें जावयाचें. ज्या ठिकाणीं कातळ एकजीव असे, तेथें अस्तराची गरज भासत नसे; जेथें सांधा किंवा मऊ पट्टा आडवा येई, तेथें दगडी कमान चढवावी लागे. पंचवीस बोगद्यांच्या त्या शाळेंतला धडा असा, कीं कातळाच्या पोटांत झालेला स्फोट कातळाला मारीत नाहीं. तो त्याचें जुनें व्यंग उघडें करतो.

पहारीच्या त्या आवाजामागचें कारण समजावयास पुढें पन्नास वर्षें लागलीं. केंब्रिजचे बर्ट्रम हॉपकिन्सन यांनीं १९१४ मध्यें एक प्रयोग प्रसिद्ध केला. पोलादाच्या जाड पत्र्याच्या एका अंगास स्फोटक लावून उडविलें, तर तो पत्रा स्फोटाच्या बाजूनें न फाटतां कधीं कधीं उलट बाजूनें खपली धरून फुटे. कॅरम खेळणारांस ह्यांत नवल वाटूं नये. चार सोंगट्या एकमेकींस चिकटवून एका ओळींत ठेवा आणि पहिलीवर स्ट्रायकर मारा. पहिली जागची हलत नाहीं, मधल्या दोन हलत नाहींत. उडते ती शेवटची, कारण तिच्या पलीकडे कोणी नसतें. आघाताची लाट दगडांतून अशीच जाते. जाई तोंवर ती दाब असते. पलीकडे आधार नाहीं असें दिसलें, कीं ती उलटते, आणि उलटतांना ती ताण होऊन येते. दगड आणि काँक्रीट दाबाला मोठे खंबीर. पण ताणाला तितकेच दुबळे. काँक्रीटची ताण सोसण्याची शक्ति दाब सोसण्याच्या शक्तीच्या सुमारें एक-दशांशच असते. म्हणून अस्तराच्या पाठीशीं काय आहे, ह्या एका प्रश्नावर त्याचें आयुष्य अवलंबून असतें.

हें अस्तर कसें असतें, तें माहीमच्या जमिनीखालींच पाहूं. येथें एक नव्हे, दोन प्रकारचे बोगदे आहेत. एक पाण्याचा. मरोशीहून वाकोला आणि माहीम ह्या मार्गानें रुपारेल महाविद्यालयापर्यंत महानगरपालिकेनें सुमारें बारा किलोमीटरांचा जलबोगदा कातळांतून नेला आहे. दुसरा गाडीचा. २०१७ सालीं माहीमच्या नयानगरांत खोल विवर खणून त्यांत बोगदा कोरणारीं प्रचंड यंत्रें उतरविण्यांत आलीं. कुलाबा ते आरे ह्या साडेतेहेतीस किलोमीटरांच्या मार्गावर अशीं सतरा यंत्रें चाललीं. यंत्र पुढें कातळ कोरीत जातें आणि मागें काँक्रीटच्या वक्र तुकड्यांचें कडें जुळवीत जातें. तुकड्या-तुकड्यांच्या मध्यें रबराची पट्टी, जोडणीस बोल्ट, आणि कडें व कातळ यांच्या मधल्या फटींत दाबानें भरलेलें पातळ सिमेंट, अशी ती रचना असते.

नेहमींच्या काळीं ह्या कड्यावर भार येतो तो बाहेरून आंत. माती, पाणी आणि कातळ त्याला दाबतात. कडें आवळलें जातें, तुकडे एकमेकांत घट्ट बसतात, आणि दाबाखालीं काँक्रीट सुखी असतें. स्फोट मात्र आंतून बाहेर रेटतो. तेव्हां कडें फुगूं पाहतें आणि सांधे उघडूं पाहतात. लांकडी पिंपाच्या फळ्या जशा लोखंडी पट्ट्यांवांचून आंतल्या पाण्यानें उकलतील, तशी ही अवस्था. मग ह्या कड्याची पट्टी कोणती? कातळ हीच त्याची पट्टी. जलबोगद्यांत हा प्रकार रोज घडत असतो. आंतलें पाणी दाबानें बाहेर रेटतें आणि अस्तर तो भार पाठीमागच्या कातळावर टाकून मोकळें होतें. स्फोटांत तेंच घडतें. पण वेळ फार थोडा असतो. अशा बोगद्याचें अस्तर साधारणतः पाव मीटरभर जाडीचें धरलें, तर आघाताची लाट तें ओलांडावयास एका सेकंदाचा दहाहजारावा भागही घेत नाहीं.

आतां कॅरमच्या सोंगट्या पुन्हा आठवा. अस्तराच्या पाठीशीं घट्ट काळा कातळ असेल आणि मधली फट सिमेंटनें पूर्ण भरलेली असेल, तर लाट अस्तरांतून कातळांत निघून जाते आणि तेथें दूरवर पसरून विरते. उलटून यावयास तिला कारणच उरत नाहीं. पण सिमेंट भरतांना कोठें पोकळी राहिली असेल, किंवा पाठीशीं कातळाऐवजीं चिखल असेल, तर लाट तेथून उलटते, अस्तराच्या पाठीची खपली निघते, तडा आरपार जातो आणि सांधा उघडतो. म्हणजे एकाच मापाचें, एकाच कारखान्यांत ओतलेलें कडें एका जागीं जवळजवळ अभंग राहतें आणि दुसऱ्या जागीं गळूं लागतें. त्यांतही कातळांतली गळती ही बहुधा दुरुस्तीची गोष्ट ठरते. मऊ जमिनींत, डोक्यावर पाणी असतांना, तीच प्राणांवरची गोष्ट होऊं शकते. माहीमच्या उशाला खाडी आहे, आणि धारावीहून वांद्रें-कुर्ला संकुलाकडे जातांना हा मार्ग मिठी नदीच्या खालून जातो. अशा ठिकाणीं फटींतल्या सिमेंटची तपासणी ही कागदावरची बाब मानून चालत नाहीं. घाटांतला मजूर पहारीनें जो ‘बद्द’ आवाज ऐकत असे, तोच ऐकण्यासाठीं आजचा अभियंता अस्तरावर ठोके मारतो आणि त्यांची लहर यंत्रानें टिपतो. साधन बदललें, प्रश्न तोच राहिला.

येथवर कातळाचें आणि अस्तराचें झालें. आतां माणसाचें पाहूं. आणि येथें स्फोटाची वाट फार निर्दय होते.

१४ एप्रिल १९४४ रोजीं दुपारीं चार वाजून गेल्यावर मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत ‘फोर्ट स्टिकीन’ हें जहाज उडालें. त्यावर सुमारें चौदाशें टन स्फोटकें होतीं. अर्ध्या तासानें दुसरा स्फोट झाला. शेकडों माणसें मेलीं, गोदीचा परिसर जळाला, मैलोगणती दूरच्या तावदानांच्या कांचा फुटल्या. एवढा प्रचंड तो उत्पात. परंतु त्याला वर आभाळ मोकळें होतें. उघड्यावर स्फोटाची लाट सर्व दिशांना पसरते आणि अंतर वाढतें तशी झपाट्यानें क्षीण होते. बोगद्यांत तिला दोनच दिशा असतात, पुढें आणि मागें. भिंतीवर आपटली कीं ती निदान दुप्पट जोरानें परत फिरते. ह्या भिंतीवरून त्या भिंतीवर आदळत शेवटीं ती नळींतल्या दट्ट्यासारखी सरळ धांवूं लागते आणि लवकर निवत नाहीं. पाठीमागें तप्त वायु कोंडून राहतो तो निराळाच.

ह्याचें अत्यंत दुःखद प्रमाण ७ जुलै २००५ रोजीं लंडनला मिळालें. त्या सकाळीं तेथील भुयारी रेल्वेच्या तीन गाड्यांत जवळजवळ एकाच वेळीं स्फोट झाले. आल्डगेट आणि एजवेअर रोड येथील बोगदे उथळ आणि रुंद आहेत. दोन रूळमार्ग शेजारीं शेजारीं जातात. तेथें बळी पडलेल्यांची संख्या अनुक्रमें सात आणि सहा होती. तिसरी गाडी किंग्ज क्रॉस आणि रसेल स्क्वेअर यांच्या मधल्या खोल, एकेरी आणि अरुंद नळींत होती. डबा आणि भिंत यांच्यांत फारच थोडें अंतर, आणि गाडी माणसांनीं खच्चून भरलेली. तेथें सव्वीस माणसें गेलीं. ह्या फरकाला इतरही कारणें असतील, पण स्फोट कोंडला गेला हें मोठें कारण होतें. आणि त्या नळीचें काय झालें? ती चिकण मातींत लोखंडी कड्यांनीं बांधलेली होती, कातळांत नव्हती. तरीही ती उभी राहिली. ४ ऑगस्ट २००५ पासून त्याच मार्गानें गाड्या पुन्हा धांवूं लागल्या. बोगदा चार आठवड्यांत कामावर रुजू झाला. माणसें परत आलीं नाहींत. ‘बोगदा टिकेल कीं नाहीं’ हा प्रश्न आपण ज्या भीतीनें विचारतों, ती भीति खरें पाहतां चुकीच्या वस्तूविषयीं असते, हें ह्यावरून ध्यानांत येईल.

मग उपाय काय? स्फोट वाट शोधतो, तर त्याला वाट देऊन ठेवावी, हाच जुना उपाय. इंग्लंडांत लँकेशायर आणि यॉर्कशायर यांच्या सीमेवर समिट नांवाचा रेल्वेचा बोगदा आहे. जॉर्ज स्टीफन्सन यांच्या देखरेखीखालीं तो १८४१ मध्यें पुरा झाला. आंतून त्याला विटांचें अस्तर आहे आणि हवेसाठीं डोंगरावर उघडणारीं उंच धुराडीं आहेत. २० डिसेंबर १९८४ रोजीं त्यांत पेट्रोलच्या तेरा टाक्यांची गाडी घसरून पेटली. ज्वाळा त्या धुराड्यांवाटे आभाळांत उसळल्या. आंत विटांचा पृष्ठभाग वितळून कांचेसारखा झाला. सारा बोगदा बसला असेल, अशीच अपेक्षा होती. पाहणी झाली तेव्हां एकशें त्रेचाळीस वर्षांचें तें अस्तर बहुतांशीं शाबूत आढळलें, आणि ऑगस्ट १९८५ मध्यें मार्ग खुला झाला. वाफेच्या एंजिनांच्या धुरासाठीं ठेवलेल्या वाटांनीं दीड शतकानंतर बोगदा वांचविला.

त्याच वर्षीं, त्याच देशांत, उलट बाजूचाही धडा मिळाला. ॲबीस्टेड येथें एका जलबोगद्याच्या टोकाशीं झडपांचें तळघर होतें. बोगद्याचें अस्तर असें होतें, कीं बाहेरचें पाणी आंत झिरपे. पण त्या पाण्याबरोबर खोल खडकांतला ज्वालाग्राही वायुही झिरपून आंत सांचत असे, हें कोणाच्या ध्यानीं आलें नव्हतें. २३ मे १९८४ रोजीं गांवकरी मंडळी ती योजना पाहण्यास आलीं असतां पंप सुरू करण्यांत आले. बोगद्यांत पुढें सरकणाऱ्या पाण्यानें तो वायु तळघरांत ढकलला, आणि स्फोट होऊन सोळा माणसें दगावलीं. तळघरांतल्या हवेला उघड्यावर जाण्याची धड वाट नव्हती. तेव्हां अस्तराचें काम स्फोट सोसण्यापुरतेंच नसतें. स्फोटाचें कारण आंत येऊं न देणें हेंही त्याचेंच काम असतें.

आपल्याकडे ह्या विद्येची परीक्षा कोयनेला झाली. शिवसागर जलाशयाच्या पाण्याखालून चौथ्या टप्प्याच्या वीजगृहाकडे पाणी न्यावयाचें होतें, आणि धरण रिकामें करतां येण्याजोगें नव्हतें. तेव्हां नॉर्वेतील पद्धतीनें तळ्याखालून बोगदा खणीत नेला, तळ्याच्या बुडाशीं कांहीं मीटर जाडीचें कातळाचें बूच राखलें, आणि १३ मार्च १९९९ रोजीं तें बूच सुरुंगांनीं एकदम उडविलें. आशियांतील असा हा पहिलाच प्रयोग म्हणून त्याचा गौरव झाला. २५ एप्रिल २०१२ रोजीं तो पुन्हा करण्यांत आला. विचार करा: बोगद्याच्या तोंडाशीं स्फोट, त्याच्या मागोमाग सारें तळें, आणि आंत तयार झालेलें अस्तर व लोखंडी दरवाजे, ह्यांतलें कांहींही निकामी होऊन चालणार नव्हतें. अशा कामांत फुटलेला कातळ पडावयास खड्डा आधींच खणून ठेवतात, कोंडलेल्या हवेची उशी कोठें राहील तें गणितानें ठरवितात, आणि सुरुंग सारे एका क्षणीं न उडवितां क्षणाच्या लहान लहान भागांनीं मागेंपुढें उडवितात. साताऱ्याला दुसरा सुरुंग कोठें फुटेल हें बादशहाच्या माणसांना सांगतां आलें नव्हतें. त्याच सातारा जिल्ह्यांत, दोनशें नव्याण्णव वर्षांनीं, तें शब्दशः सांगतां आलें. मराठी मुलुखांतल्या ह्या विद्येचा प्रवास एवढ्या एका वाक्यांत मावतो.

आतां माहीमच्या फलाटावर परत येऊं. बाईंच्या प्रश्नाला माझें उत्तर असें. त्या बोगद्याभोवतींचा कातळ अशा एखाद्या स्फोटानें ढांसळेल, ही भीति बाळगण्याचें कारण नाहीं. त्याहून पुष्कळ मोठे आघात हा कातळ घाटांत सोसून बसला आहे. अस्तराला कोठें तडा जाईल, कोठें खपली निघेल, आणि त्याची तीव्रता पाठीशीं काय आहे ह्यावर ठरेल. खाडीच्या आणि नदीच्या आसपासच्या भागाची नित्य तपासणी हवी. ती होते कीं नाहीं, हें विचारण्याचा नागरिकांना हक्क आहे. पण कातळ आणि अस्तर यांच्यापेक्षां पुष्कळ नाजूक अशी तिसरी वस्तु त्या नळींत असते, ती म्हणजे आपण. तिच्यासाठीं वाटा हव्यात. धूर ओढून नेणारे पंखे आणि वर उघडणारीं विवरें ही कोंडलेल्या वायूची वाट. बोगद्याच्या कडेची पायवाट आणि एका नळींतून दुसऱ्या नळींत जाण्याची आडवी वाट ही माणसाची. ह्या वाटांत सामान रचून ठेवणें, दरवाजांना कुलुपें घालणें किंवा पंख्यांची चांचणी पुढें ढकलणें, हीं कृत्यें दिसावयास लहान असलीं तरी अस्तराला भोंक पाडण्याच्याच तोडीचीं आहेत.

आणि एक वाट माणसाच्या प्रसंगावधानाची. ३ एप्रिल २०१७ रोजीं सेंट पीटर्सबर्गच्या भुयारी गाडींत दोन स्थानकांच्या मध्यें स्फोट झाला. चालकानें गाडी काळोखांत उभी केली नाहीं; तशीच पुढल्या स्थानकांत नेली. जखमींना जागा मिळाली, हवा मिळाली, हात मिळाले. कित्येकांचे प्राण त्या निर्णयानें वांचले. माहीमकरांस हें निराळें सांगावयास नको. २००६ च्या त्या पावसाळी संध्याकाळीं रुळांवर पहिल्यानें धांवले ते आसपासच्या वस्तींतले लोक. घरांतल्या चादरींच्या त्यांनीं झोळ्या केल्या होत्या.

हें सगळें त्या दोन मिनिटांत फलाटावर सांगणें शक्य नव्हतें. मीं एवढेंच म्हटलें, “बाई, भिंत टिकेल. बाहेर पडायची वाट कुठें आहे, तेवढी आपण आल्या-आल्या पाहून ठेवावी.” बाईंनीं मान वळवून जिन्याकडे पाहिलें, भिंतीवरची बाण काढलेली पाटी वाचली आणि गाडी आल्यावर शांतपणें आंत जाऊन बसल्या.